संमतिपत्र मराठीत, निष्कर्ष कपाटात

लखनौच्या उत्तरेस, सीतापूर रस्त्याकडील जानकीपुरम विस्तारात केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे आवार आहे. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या संस्थेचे उद्घाटन झाले तेव्हा ती गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नबाबी राजवाड्यात होती. साठ वर्षांनंतर ती या नव्या जागेत आली. डॉ. नित्यानंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेले सेंटक्रोमन हे या संस्थेचे सर्वांत नाव झालेले औषध. स्टेरॉइड नसलेली ही गर्भनिरोधक गोळी १९९१ साली ‘सहेली’ या नावाने बाजारात आली आणि २०१६ पासून ‘छाया’ या नावाने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात दाखल झाली. प्रयोगशाळेतील पहिल्या प्रयोगांपासून स्त्रियांवरील चाचण्यांपर्यंत तिच्याविषयीचे निष्कर्ष वर्षानुवर्षे छापले गेले. ते इतरांना तपासता आले, त्यांवर वाद घालता आला. सार्वजनिक पैशाने झालेले संशोधन सार्वजनिक झाले, एवढीच ही साधी गोष्ट आहे.

ही साधी गोष्ट आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र घडत नाही. एम.डी. किंवा एम.एस. होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. तीन वर्षांच्या रात्रपाळ्यांतून वेळ काढून तो रुग्ण निवडतो, त्यांचे रक्त तपासतो, आकडे मांडतो. प्रबंधाची बांधणी होते, परीक्षक तो पाहतात आणि पदवी मिळाल्यावर तो विभागाच्या कपाटात जातो. त्याच विषयावर पुढील वर्षी दुसरा विद्यार्थी पुन्हा काम करतो, कारण आधीचे काम त्याला ठाऊकच नसते. किंवा ठाऊक असते आणि तो ते उतरवून काढतो. बंद कपाट चोरीलाही सोयीचेच असते.

डॉ. समीरन नंदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेली पाहणी या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध आढळला नाही. केवळ २५ संस्था वर्षाला शंभराहून अधिक निबंध प्रसिद्ध करीत होत्या आणि एकूण निबंधांपैकी ४०.३ टक्के त्यांचेच होते. तेथे रुग्ण नव्हते काय? प्रबंध लिहिले जात नव्हते काय?

या प्रबंधांचा खर्च कोणी सोसला, हा खरा प्रश्न आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पहाटेपासून रांगेत उभा राहणारा शेतमजूर, यंत्रमाग कामगार, घरकाम करणारी स्त्री, हे या संशोधनाचे द्रव्य पुरवितात. लखनौत ते सीतापूर, बहराइच, गोंडा येथून येतात; मुंबईत रत्नागिरीहून व जालन्याहून येतात. त्यांच्या शरीरावर सुई टोचण्यापूर्वी त्यांना समजेल अशा भाषेत संमतिपत्र द्यावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तसे सांगतात आणि ते योग्यच आहे. म्हणजे अंगठा घेताना मराठी किंवा हिंदी चालते. त्या अंगठ्यातून काय निष्पन्न झाले हे सांगण्याची वेळ येते तेव्हा भाषा इंग्रजी होते, आणि तीही कपाटात. भाषांतराचे काम करणाऱ्यास हा व्यवहार विशेष खटकतो. संमतिपत्राचे भाषांतर करून घेता येते, तर दोन पानांच्या निष्कर्षाचे का येत नाही?

सरकारने या दुखण्यावर जो उपाय योजला त्याने दुखणे वाढले. भारतीय वैद्यक परिषदेने पदव्युत्तर परीक्षेस बसण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला, स्वीकारलेला किंवा निदान पाठविलेला असावा अशी अट घातली. अध्यापकांच्या बढत्याही निबंधांच्या संख्येशी जोडल्या. छापण्याची सार्वजनिक व्यवस्था मात्र उभी केली नाही. अट सरकारची आणि बिल विद्यार्थ्याचे, अशा ठिकाणी बाजार भरतोच. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके निघाली. हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ साली पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला, तेव्हा या धंद्याचा आवाका जगापुढे आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.साठीची निबंध छापण्याची सक्ती २०२२ साली काढून टाकली. म्हणजे आधी सक्ती आणि मग सुटका. प्रबंध जेथे होता तेथेच राहिला.

पैसा नाही, हे कारण कोणी पुढे करू नये. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशनसंस्था, सुमारे १३,००० नियतकालिके. लहान गावातील विद्यार्थ्यालाही ती वाचता यावीत हे चांगलेच; आम्ही त्यास विरोध करीत नाही. पण यातला मोठा वाटा परदेशी मक्तेदार प्रकाशकांच्या तिजोरीत जातो, आणि त्यांच्या नियतकालिकांत आपल्याच संशोधकांनी विनामोबदला लिहिलेले निबंधही असतात. आपले ज्ञान विकत घेण्यास हजारो कोटी आणि आपले ज्ञान मांडण्यास कपाट, असा हा हिशेब आहे.

विद्यार्थ्यांचे प्रबंध कच्चे असतात, असा आक्षेप ज्येष्ठ प्राध्यापक घेतात. तो अर्धा खरा आहे. पन्नास रुग्णांच्या अभ्यासावरून उपचारपद्धती ठरवू नये. पण एकाच प्रश्नावरील वीस लहान अभ्यास एकत्र मांडले तर चित्र दिसू लागते, आणि त्यासाठी ते आधी दिसले पाहिजेत. विशेषतः ज्यांत औषधाचा उपयोग झाला नाही असे आढळले ते. औषध कंपन्यांना नेमके तेच नको असते. शिवाय लहान ठिकाणचे निरीक्षण नेहमी लहान नसते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातील विंचूदंशाचे रुग्ण पाहून नोंदी केल्या, १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले आणि १९८६ साली प्राझोसिनच्या उपयोगाविषयी लिहिले. त्या नोंदी वहीतच राहिल्या असत्या तर कोकणातली किती मुले दगावली असती याचा विचार करावा.

क्युबाने हे काम विद्यार्थ्यांवरच सोपविले. तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांचे ‘१६ एप्रिल’ हे नियतकालिक १९६१ साली, क्रांतीच्या धामधुमीत निघाले. १९९२ च्या टंचाईच्या वर्षात त्या देशाने इन्फोमेड हे आरोग्य-माहितीचे जाळे उभारले. आपल्याकडेही मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयाच्या अध्यापकांचे नियतकालिक १९५५ पासून चालू आहे. परंपरा नाही असे नव्हे.

आरंभही झालेला आहे. २००७ पासून चालणाऱ्या चिकित्सा-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचीही नोंद होते. म्हणजे अभ्यास सुरू झाल्याचे कोणालाही पाहता येते. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर ठेवले जातात. मग नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाने प्रत्येक स्वीकृत प्रबंध, रुग्णांची ओळख वगळून, पदवीदानापूर्वी सर्वांना खुला करावा. त्याचा खर्च विद्यापीठाने करावा. विद्यार्थ्याचे नाव मार्गदर्शकाच्या आधी असावे. आणि ज्या भाषेत संमतिपत्र दिले त्या भाषेतील दोन पानांचा सारांश त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात लावावा. निवासी डॉक्टरांच्या संघटना विद्यावेतनासाठी व कामाच्या तासांसाठी लढतात. ही मागणी त्यांच्या पत्रकात घालण्यासाठी आपल्या विद्यार्थी व आरोग्य आघाड्यांतील कार्यकर्त्यांनी त्यांच्याशी आताच बोलावे.