चवड्याचं माप कोण घेणार?

स्टेशनपर्यंत चालतच जायचं, हा माझा हट्ट नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यासाठी रोज घालायला एक साधी बेली हवी होती. काळी, चपटी, पुढून गोल. या आठवड्यात दादरची दुकानं पालथी घातली आणि संतापच आला. लांबी जुळली की चवडा आवळतो, करंगळी शेजारच्या बोटाखाली जाते. एक नंबर मोठा घेतला की पावलागणिक टाच सुटते. मग ती पायात राहावी म्हणून बोटांनी आतून धरून चालायचं आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. उत्तर मात्र सगळीकडे एकच, "ताई, वापरून सैल होईल." रेक्झिन कसलं सैल होतंय? टाच सोलून निघते.

हा जोड मुळात नाचाचा. पॅरिसच्या रोझ रेपेटोनं १९४७ मध्ये आपल्या नर्तक मुलासाठी नाचाचे बूट केले आणि १९५६ मध्ये अभिनेत्री ब्रिजित बार्दोसाठी रस्त्यावर घालायचा जोड. आपल्याकडे घाट तिथला आला आणि मापंही परकीच राहिली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं लाखाहून जास्त भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा ते रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून 'भा' ही मापपद्धत सुचवली गेली. पण खोक्यावरचा नंबर अजून नुसती लांबीच सांगतो. रुंदीही छापायलाच हवी.

एका दुकानात खोक्यांमागून खोकी उघडून दाखवणाऱ्या मुलीच्या पायांकडे लक्ष गेलं. तिच्याही पायात बेलीच, मागची कड दाबून सपाट केलेली. टाचेवर चिकटपट्टी. "सकाळपासून उभीच असते मॅडम, बसलं की ओरडा खावा लागतो." स्टुलं होती, पण गिऱ्हाइकांसाठी. कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला, तेव्हा केरळनं २०१८ मध्ये कायदा बदलला. तामिळनाडूनं २०२१ मध्ये तेच केलं. दिवसभर त्या पातळ तळव्यावर उभं राहायचं, तर मापात बसलेला जोडही पायांना वाचवू शकत नाही.

मालकांना विचारलं, हिला बसायला का देत नाही? म्हणाले, "बसलेली दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" गिऱ्हाईक मीच होते. मी म्हटलं, काही म्हणणार नाही, बसू द्या तिला. चप्पल घ्यायला गेलात की तुम्हीही काउंटरवर एवढं सांगाच.