घंटा वाजते, पण येतो कोण?

चोरघंटा विकणारा गृहस्थ आधी आपल्याला चोराची भीती विकतो, मग घंटा. माझा राग चोरावर नाही. तो निदान फुकट येतो. राग आहे तो या घंटेवरच्या आंधळ्या श्रद्धेवर.

अहो, हिच्यात असतं काय? चौकटीत चिमुकला स्विच, दारावर लोहचुंबक. दार उघडलं, चुंबक दूर गेला की भोंगा बोंबलतो. कोपऱ्यातला डोळा अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. साध्या डोळ्याला चोर काय नि मांजर काय, सारखेच! दारंखिडक्या तारेला जोडून घंटा वाजवण्याचं पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ सालीच घेतलं. तेव्हापासून आजतागायत एकाही घंटेनं चोराची कॉलर धरलेली नाही. ती फक्त हाका मारते. धावून यायचं ते माणसानंच.

हे बँकवाल्यांना नेमकं कळतं. त्यांच्या टेबलाखालचं बटण दाबलं तर आवाजसुद्धा होत नाही. निरोप थेट माणसांकडे जातो. आणि आपण? मध्यरात्री समोरच्या घरातला भोंगा केकाटला की ‘मांजर असेल मेलं’ म्हणून कूस बदलतो.

घंटा बसवायची तर खुशाल बसवा. पण आधी शेजारच्या काकूंशी बोलायला लागा. त्या गॅलरीत नुसत्या उभ्या राहिल्या तरी जिन्यातला अनोळखी पाय अडखळतो. शिवाय त्यांना सेल लागत नाहीत!