लाकडी पडदा बसवा घरच्या घरी मापात



नव्या घरात पडदे घ्यायचे म्हटले की आधी खर्चाचा विचार येतो. लाकडी पट्ट्यांचा पडदा, ज्याला दुकानदार व्हेनेशियन ब्लाइंड म्हणतात, तो खास मापाने करून घेतला तर महाग पडतो. तयार पडदा स्वस्त मिळतो. पण पडदा तीन फुटांचा आणि आपली खिडकी त्याहून अरुंद! म्हणून तो माळ्यावर टाकू नका. एका दुपारचे काम आहे आणि ते पुरुषांनीच करावे असेही नाही.

साहित्य : मापाची टेप, गुण्या, पेन्सिल, बारीक दात्यांची करवत, लोखंड कापायचे हॅक्सॉ, कानस, दोन क्लॅम्प, चिकटपट्टी, पॉलिश पेपर आणि थोडे वॉर्निश.

माप : खिडकीची चौकट क्वचितच अगदी सरळ असते. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा व सर्वांत लहान माप धरा. समजा ते ८६.८ सेंटिमीटर आले. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर जागा सोडली की पडदा ८५.८ चा हवा. तीन फूट म्हणजे ९१.४ सेंटिमीटर. फरक ५.६ चा, म्हणजे प्रत्येक टोकाकडून २.८ कापायचे. सगळे एकाच बाजूने कापले तर दोरीची भोके मध्यापासून सरकतात आणि पडदा तिरका लोंबतो.

कृती : आधी वरच्या पत्र्याच्या पट्टीची टोपणे काढून आत पाहा. दोरी अडकवायचा व पट्ट्या फिरवायचा खटका कापायच्या भागातच असेल, तर कापू नका. लहान मापाचा पडदा आणा. जागा मोकळी असेल तर पत्रा हॅक्सॉने कापा व कड कानसीने घासा. आतली सळई बाहेर येत असेल तर तीही तेवढीच कापा. मग पडदा पूर्ण वर ओढून पट्ट्यांची चळत करा, खुणेवर चिकटपट्टी गुंडाळा, क्लॅम्पने आवळा आणि हळूहळू करवत चालवा. चिकटपट्टीमुळे लाकडाचे टवके उडत नाहीत. कापलेल्या टोकांतून पाणी लवकर आत शिरते, म्हणून पॉलिश पेपर मारून वॉर्निशचा हात जरूर द्या. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात टोके काळी पडतील.

पडदा लांबीला जास्त असेल तर करवत लागत नाही. तळपट्टीची बुचे काढून दोऱ्यांच्या गाठी सोडा, खालच्या जादा पट्ट्या काढून घ्या आणि गाठी पुन्हा घट्ट मारा.

आता सर्वांत महत्त्वाचे. या पडद्याची लोंबती दोरी लहान मुलांच्या गळ्याला फास ठरू शकते, आणि असे मृत्यू झालेले आहेत. अमेरिकेत तर तयार पडद्यांना हाताशी येणारी दोरी नसावी, असे मानक २०१८ च्या अखेरीस लागू झाले. आपल्या घरी पडदा दोरीचा असेल तर भिंतीवर उंच खुंटी मारून दोरी तिला गुंडाळून ठेवा. खिडकीखाली पाळणा, पलंग किंवा खुर्ची ठेवू नका. घरात बाळ असेल तर बिनदोरीचा पडदाच घ्यावा.

आणि हो, काम करताना मुलीला शेजारी बसवा. टेप आणि करवत तिच्याही हाती द्या. हे कौशल्य तिला जन्मभर पुरेल.