फाशी मागण्याआधी तपास मागा

नोव्हेंबर २०२५ मध्ये मालेगाव तालुक्यातील डोंगराळे गावात एका चिमुरडीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला आणि सगळे मोसम खोरे हादरून गेले. मालेगावात मोर्चे निघाले, आरोपीला फाशी द्या अशा घोषणा झाल्या. नामपूरसारख्या बाजारगावात, जिथे कांद्याच्या लिलावाला पंचक्रोशीतली माणसे जमतात, तिथे अशी बातमी घराघरात पोहोचायला तास लागत नाही. लेकीबाळी असलेल्या माणसांचा संताप होणे स्वाभाविक आहे. त्या संतापाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मात्र याच नाशिक जिल्ह्यात फाशीच्या शिक्षेचा एक खटला घडून गेला आहे. मोर्चात घोषणा देणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असायला हवा.

जून २००३ मध्ये नाशिक शहराजवळ शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडेखोरांनी हल्ला केला. रोकड आणि दागिने लुटले, पाच जणांना ठार मारले. मृतांमध्ये पंधरा वर्षांची मुलगी होती. तिच्यावर बलात्कार झाला होता. कुटुंबातली आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. गुन्हा इतका भयंकर होता की नाशिककर आजही तो विसरलेले नाहीत. पुढे पोलिसांनी सहा जणांना आरोपी केले. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. राज्य सरकारला ते पुरेसे वाटले नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० एप्रिल २००९ रोजी त्या न्यायालयाने जन्मठेपेच्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. तीन पायऱ्यांवरच्या न्यायाधीशांनी सहाही जणांना दोषी मानले होते. घोषणा देणाऱ्यांना जे हवे असते, ते सगळे इथे मिळाले होते.

आणि ते सहाही जण निर्दोष ठरले.

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सहा जणांची सुटका केली, तेव्हा रेकॉर्डवर आलेली गोष्ट सुन्न करणारी होती. घटनेनंतर दोन दिवसांत वाचलेल्या आईने पोलिसांच्या अल्बममधले फोटो पाहून चार जण ओळखले होते. त्या चौघांत या सहांपैकी एकही नव्हता. तिचा जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेला होता, पण सरकार पक्षाने तो खटल्यात पुढे आणलाच नाही आणि त्या चौघांवर कारवाईही झाली नाही. या सहा जणांची ओळख परेड झाली ती घटनेला जवळपास वर्ष उलटल्यावर. आरोपी अत्यंत गरीब, भटक्या समाजातले असल्याने त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता न्यायालयाने निकालात बोलून दाखवली. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे तर २०१२ मध्येच उघड झाले होते. ते कळेपर्यंत त्याच्या डोक्यावर काही वर्षे फाशी टांगलेली होती.

सोळा वर्षे! मधल्या काळात एखाद्या सरकारने ‘धडाडी’ दाखवली असती, दयेचा अर्ज झटकन फेटाळला असता, तर नागपूरच्या किंवा येरवड्याच्या कारागृहात सहा निरपराध माणसे लटकवली गेली असती. वर्तमानपत्रांत ‘अखेर न्याय मिळाला’ असे मथळे झळकले असते. आणि पोलिसांच्या अल्बममधल्या त्या चार फोटोंबद्दल कोणी कधीही विचारले नसते.

हे सहा जण ज्या समाजातले, त्या समाजांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मापासून गुन्हेगार ठरवले होते. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेचे कुंपण घालून वसाहत केली होती. लोक आजही त्या भागाला ‘सेटलमेंट’ म्हणतात. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पालावर का जाते, हे ग्रामीण महाराष्ट्रात राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. नाशिकच्या खटल्यात या जुन्या सवयीची परिणती फाशीच्या शिक्षेत झाली होती.

तसा या जिल्ह्याचा आणि फाशीचा संबंध जुना आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. गुन्हा, तपास, खटला, अपील आणि फाशी, सगळे चार महिन्यांत उरकले. मालेगावात १९२१ च्या खिलाफत चळवळीत पोलीस अधिकारी मारला गेला, त्या खटल्यात फाशी गेलेल्यांची ‘शहीदों की यादगार’ शहरात आजही उभी आहे. त्याआधी चापेकर बंधू, त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरचे चौघे येरवड्यात फासावर गेले. झटपट खटला आणि झटपट फाशी ही सत्तेची सोय होती, हे महाराष्ट्राने स्वतः भोगून पाहिले आहे. आज ‘तीन महिन्यांत फाशी’ अशी मागणी होते तेव्हा हा इतिहास आठवायला हवा.

स्वातंत्र्यानंतर कायदा हळूहळू बदलला. १९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यात फाशी न देण्याची कारणे न्यायाधीशांना लिहावी लागत. फाशी हाच नियम होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते उलटे केले आणि फाशी देण्यासाठी विशेष कारणे लिहिणे बंधनकारक केले. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी आली: केवळ गुन्हा किती क्रूर ते पाहायचे नाही, गुन्हेगार कोण, कसा, सुधारू शकतो का, हेही पाहायचे. कसोटी चांगली होती, पण वापरणारी माणसेच होती. १९९५ च्या रावजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने उलट सांगितले की गुन्हाच पाहायचा, गुन्हेगार नाही. नाशिकच्या सहा जणांना फाशी सुनावताना २००९ मध्ये याच रावजी निकालाचा आधार घेतला गेला. आणि त्यानंतर अवघ्या १३ दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातल्याच संतोष बारियार खटल्यात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने रावजी निकाल बच्चन सिंगच्या विरोधात असल्याने चुकीचा ठरवला. तोवर राजस्थानात स्वतः रावजीला फाशी होऊन तेरा वर्षे झाली होती. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या निकालांवर आधारलेल्या फाशी रद्द करण्याची विनंती केली. नाशिकचा खटला त्यांच्या यादीत होता.

न्यायाधीशांची चूक दुसरे न्यायाधीश दुरुस्त करू शकतात. त्यासाठी माणूस जिवंत लागतो.

नाशिकचा खटला अपवाद होता, असेही म्हणता येत नाही. पुण्यात १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांच्या हत्येसाठी फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एक जण त्या वेळी बारा वर्षांचा मुलगा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले आणि २८ वर्षांनंतर त्याला सोडले. मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत १८९ लोकांचे जीव गेले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी सुनावली आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडले. त्या पाचांपैकी एक जण निकाल ऐकायला नव्हता. कोविडच्या काळात तो नागपूरच्या कारागृहात मरण पावला होता. सरकार या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, तेव्हा अखेरचा शब्द तिथे ठरेल. पण त्या १८९ कुटुंबांना १९ वर्षांनंतरही आपल्या माणसांना नेमके कोणी मारले याचे पक्के उत्तर मिळालेले नाही.

ज्या खटल्यांत अपराधाबद्दल शंका नव्हती, तिथे तरी व्यवस्था नीट वागली का? नाशिकच्याच अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी लहान मुले पळवून मारल्याच्या प्रकरणाने नव्वदच्या दशकात महाराष्ट्र थरारला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मग दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर फिरत राहिला, सात वर्षांहून अधिक काळ. या विलंबाचे कारण सांगता न आल्याने जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. गहुंजे इथल्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातही तेच घडले. फाशीची अंमलबजावणी चार वर्षे लांबली म्हणून २०१९ मध्ये शिक्षा बदलली. व्यासपीठावर फाशीची भाषा करणारी सरकारे फायली मात्र वेळेत पुढे सरकवत नाहीत. मृत मुलांच्या आईबापांना दर काही वर्षांनी नव्या तारखेच्या आशेवर ठेवले जाते, हा त्यांचाही छळच आहे.

फाशीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या दिवसांत पुणे संध्याकाळ होताच घरात बसत असे. त्यातल्या चौघा दोषींना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कसाबला फाशी झाली तेव्हाही हळहळणारे फारसे कोणी नव्हते. त्याच्या हातातली बंदूक साऱ्या जगाने पाहिली होती. प्रश्न असा आहे की कायदा कसाबसाठी वेगळा आणि पालातल्या मजुरासाठी वेगळा लिहिता येत नाही. एकाच कायद्याने दोघांच्या गळ्यात दोर पडतो, आणि नाशिकने दाखवले की तो दुसऱ्याच्या गळ्यात किती सहज पडू शकतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतले निघाले.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यालाही याच वाटेने जावे लागले. १९७७ मध्ये तिथे फाशीचा कायदा पुन्हा आला, तेव्हा त्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत आमदार जॉर्ज रायन होते. तेच पुढे गव्हर्नर झाले आणि त्यांच्यासमोर हिशेब आला: १२ जणांना मृत्युदंड दिला गेला होता आणि १३ जण मृत्युदंडाच्या कोठडीतून निर्दोष सुटले होते. जानेवारी २००० मध्ये रायन यांनी सगळे मृत्युदंड थांबवले. २००३ मध्ये पद सोडण्याआधी १६७ कैद्यांच्या मृत्युदंडाच्या शिक्षा बदलल्या. २०११ मध्ये राज्याने ती शिक्षा कायद्यातून काढून टाकली. मृत्युदंडाला पाठिंबा देणारा एक राजकारणी आकडे पाहून आपले मत बदलू शकला.

आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीविरुद्धच्या अपिलाची चर्चा चालू असताना सांगितले होते की अपिलाची सोय करण्यापेक्षा आपण फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने आहोत. २०१५ मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. महाराष्ट्र मात्र उलट्या दिशेने चालला. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने ‘शक्ती’ विधेयक मंजूर करून फाशीची तरतूद आणखी गुन्ह्यांना लावायचे ठरवले; ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेले आणि कायदा झालेच नाही. त्या चर्चेत तपास अधिकाऱ्याने साक्षीदाराचा जबाब दडवला तर त्याचे काय करायचे, हा प्रश्न जितक्या जोराने यायला हवा होता तितका आला नाही.

नामपूर, सटाणा, मालेगावच्या लोकांनी रस्त्यावर उतरू नये, असे कोणी म्हणणार नाही. उतरावे, पण हातातल्या फलकावर दुसरी मागणी असावी. पंचनामा पहिल्या काही तासांत झाला का? नमुने प्रयोगशाळेत कधी पोहोचले, अहवाल किती आठवड्यांत आला? प्रत्येक साक्षीदाराचा पहिला जबाब, मग तो पोलिसांच्या सोयीचा असो वा नसो, न्यायालयापुढे ठेवला का? पीडित कुटुंबाला वकील, मदत आणि संरक्षण मिळाले का? हे प्रश्न पालकमंत्र्यांना विचारले तर त्यांना उत्तर द्यायला कष्ट पडतील. ‘फाशी द्या’ म्हटले की त्यांना फक्त मान डोलवायची असते.

२०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईखेरीज आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: त्या आईने अल्बममध्ये ओळखलेल्या चौघांबाबत पुढील तपास करावा, आणि चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी. त्या तपासात काय निष्पन्न झाले आणि कोणत्या अधिकाऱ्याला कोणती शिक्षा झाली, याचा लेखी अहवाल राज्याच्या गृहखात्याने नाशिक जिल्ह्यातल्या जनतेपुढे ठेवावा. जिल्ह्यातल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात तो मागून घ्यावा.