पाणी जाते कुठे?

मे महिन्याच्या सुट्टीत कसारा घाटात एखादी तरी गाडी बॉनेट उघडून कडेला उभी दिसतेच. आत आजी पदराने वारा घेत बसलेल्या, मुले भुकेली आणि गाडीचे मालक पाण्याची बाटली हातात धरून मेकॅनिकच्या वाटेकडे डोळे लावून. मेकॅनिक येतो, गाडी थोडी निवली की रेडिएटरमध्ये डोकावतो, चार बुडबुडे पाहतो आणि निकाल देऊन टाकतो, ''हेड गॅस्केट उडालंय. हेड उतरवावं लागेल!'' सहलीचा सगळा हिशेब तिथेच कोलमडतो.

निदान बरोबर असेलही. पण डॉक्टरसुद्धा रक्त तपासल्याशिवाय पोट उघडत नाहीत. हेड उतरवण्याआधी करायची अशीच एक साधी तपासणी आहे आणि तिचा आग्रह धरायला गाडीमालकाने मुळीच संकोचू नये.

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचा हेड. दोन्हींच्या मध्ये असलेले पातळ गॅस्केट सिलिंडरमधला वायू, तेल आणि पाणी यांना एकमेकांत मिसळू देत नाही. आजकाल हेड बहुधा अॅल्युमिनियमचे असते, तर ब्लॉक अनेक गाड्यांत लोखंडी. उष्णतेने अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. एकदा इंजिन बेसुमार तापले, की हेडला बाक येतो, गॅस्केट दबते आणि जळालेला वायू पाण्याच्या वाटेत घुसतो. तो पाण्याला बाहेर ढकलतो, पाणी कमी झाले की इंजिन आणखी तापते. खाली थेंबभर गळती नाही, तरी दर आठवड्याला पाणी घालावे लागते, ते बऱ्याचदा यामुळेच.

पहिली खूण घरीच पाहता येते. सकाळी इंजिन गार असताना झाकण नीट लावून गाडी सुरू करावी आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताने दाबून पाहावा. पंखा आणि पट्टा यांच्यापासून हात व ओढणी-पदर लांब ठेवावेत. पाणी तापायला काही मिनिटे लागतात. पण मिनिटभरातच होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब वाफेचा नव्हे, सिलिंडरमधून आलेल्या वायूचा असण्याची दाट शक्यता असते.

खरा पुरावा मात्र रंग देतो. गॅरेजमध्ये वापरण्याचे एक छोटे उपकरण मिळते: एक पारदर्शक नळी, वर रबरी फुगा आणि आत निळे द्रव. या द्रवात ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हा रंग असतो. कार्बन डायऑक्साइड विरघळून द्रव आम्लधर्मी झाले, की तो निळ्याचा हिरवा आणि मग पिवळा होतो. हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो, पेट्रोल इंजिनाच्या धुरात सुमारे १२ ते १५ टक्के. म्हणूनच नुसत्या अडकलेल्या हवेचे बुडबुडे असतील तर रंग बदलत नाही. घाटातल्या मेकॅनिकची फसगत होते ती नेमकी इथे!

गाडी गार असताना झाकण काढावे, पाणी दोन-तीन इंच कमी करावे, म्हणजे ते नळीत ओढले जाणार नाही. मग नळी तोंडावर घट्ट बसवून इंजिन नेहमीइतके तापू द्यावे आणि पाण्यावरची हवा फुग्याने मिनिट-दोन मिनिटे द्रवातून खेचावी. काम उघड्यावर करावे, कोंदट गॅरेजमधला धूरसुद्धा रंग बदलू शकतो. पेट्रोलच्या गाडीत द्रव पिवळे होते, डिझेलच्या गाडीत हिरव्यावरच थांबू शकते. द्रव शिळे तर नाही ना, ही शंका असल्यास थोडे वेगळे घेऊन त्यात नळीने उच्छ्वास सोडावा. आपल्या श्वासातल्या सुमारे ४ टक्के वायूनेही रंग पालटायला हवा.

रंग निळाच राहिला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. काही फटी चढावर, इंजिनावर ताण आल्यावरच उघडतात. गाडी चांगली फिरवून आणून पूर्ण गार होऊ द्यावी आणि तपासणी पुन्हा करावी. शिवाय हातपंपाने गार रेडिएटरमध्ये दाब भरून काटा उतरतो का, हेही पाहून घ्यावे. झाकणाचा सैल स्प्रिंग, होजचा ढिला क्लॅम्प, वॉटर पंपाची गळती असे स्वस्तातले दोष त्यात सापडतात. खरे तर सुरुवात इथूनच करायला हवी.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनीच लक्षात ठेवावी. गरम रेडिएटरमधला दाब स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरएवढा असू शकतो. वाफ कोंडलेल्या कुकरचे झाकण कोणती गृहिणी उघडेल? रेडिएटरचेही उघडू नये, मग घाटात कितीही घाई असो. काढलेले कूलंट उघड्यावर ठेवू नये. ते गोड लागते, पण मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असते.

आणि द्रव पिवळे झालेच, तर हेड उतरवायला हरकत घेऊ नये. फक्त नवे गॅस्केट घालून भागवू नका. हेड सपाट आहे का, त्याला तडा तर नाही, हे मशीन शॉपमध्ये तपासून घ्यायला सांगा, नाहीतर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तोच घाट. जोडणी झाल्यावर आठ-दहा दिवस गाडी चालवून निळ्या द्रवाची तपासणी पुन्हा एकदा करून घ्या.