बॅटरीच गेली असेल!

गाडी सुरू होत नाही म्हटलं की सोसायटीतले चार जण जमतात आणि पाचव्या मिनिटाला निकाल लागतो, "बॅटरी गेली हो!" निकाल बऱ्याचदा बरोबर निघतो, पंचाईत तीच आहे. चुकतो तेव्हा नवी बॅटरी बसते, गाडी चार दिवस पळते (दमदार नवी बॅटरी खराब जोडालाही काही दिवस रेटून नेते) आणि पुन्हा एका सकाळी ढिम्म. मग सेल्फ बदला. मग डायनॅमो बदला... बग कुठे आहे ते न शोधता एकेक ओळ बदलून "आता चालतंय का?" बघण्याचाच हा प्रकार. फक्त इथे प्रत्येक प्रयत्नाला काही हजार पडतात.

माझं म्हणणं इतकंच की पार्ट बदलण्याआधी आकडा मागावा.

त्याआधी नीट ऐका तरी. किल्ली फिरवल्यावर टक-टक-टक-टक आणि दिवे मंद, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच "टक्" आणि शांतता, तर सोलेनॉइड ओढला गेला पण मोटर फिरली नाही. काहीच आवाज नाही, तर इग्निशन स्विच, रिले, क्लचचा स्विच. आणि इंजिन छान गरगर फिरतंय पण पेटत नाही, तेव्हा बॅटरी आणि सेल्फ दोघांना सोडा. इमोबिलायझरचा दिवा आणि फ्युएल पंपाचा फ्यूज बघा.

आता मल्टीमीटर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. पण 12.6 दिसलं म्हणून बॅटरी ठणठणीत असं होत नाही. लोड नसताना सगळंच चालतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कोणी सांगायला नको! कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हाचा आकडा बघा. साडेनऊच्या खाली घसरला तर संशयाला जागा आहे.

घसरला नाही तरी सेल्फ रडतोय? मग जोड बघा. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. वाटेत फक्त 0.02 ओहम रोध असला तर 150 अँपिअरला 3 व्होल्ट तिथेच खलास. एवढा बारीक रोध साधा मल्टीमीटर धड मोजूच शकत नाही, म्हणून व्होल्टेजची घट मोजायची. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, वायरी पंख्या-बेल्टपासून लांब. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना 0.2-0.3 व्होल्ट आले तर ठीक. एक व्होल्ट आला तर चोर सापडला: अर्थची पट्टी. कोकणात नाहीतर मुंबईत पावसाळे काढलेल्या गाडीत तर हा नेहमीचाच गडी. दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, पंधरा मिनिटं.

आणि हो, स्कॅनर लावला की सगळं कळतं हाही एक भ्रमच. ईसीयूला जे दिसतं तेवढंच स्कॅनर सांगणार. व्होल्टेजच पडलं की तो बिचाऱ्या सेन्सरांच्या नावाने भलतेच कोड दाखवतो.

गॅरेजवाले लुटतात असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याने अर्धा तास मोजमाप करून नुसती पट्टी घासून दिली तर आपण काय म्हणतो? "एवढ्याशा कामाचे पाचशे?" तेच पाच हजारांच्या बॅटरीचं बिल मात्र गुमान भरतो, कारण हातात वस्तू दिसते. शोधण्याचे पैसे कोणी देणार नसेल तर तो शोधेल कशाला? मी तरी आता आधीच सांगतो, "दोष शोधायचे वेगळे घ्या, पण आकडा दाखवा."

रोज सकाळी उतरलेली सापडणारी बॅटरी हा वेगळाच आजार. बंद गाडीत 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट कोण पितंय ते शोधायचं, एकेक फ्यूज काढत. त्यावर पुढच्या शनिवार-रविवारी.