रंगाआधी प्रायमर

लॅपटॉपचा जुना जाडजूड चार्जर आणि हल्लीचा ६५ वॉटचा ‘गॅन’ चार्जर शेजारी ठेवून बघा. नवा तळहातात मावतो. ही करामत गॅलियम नायट्राइडची. तो सिलिकॉनपेक्षा जास्त व्होल्टेज सोसतो, झपाट्याने चालू-बंद होतो. मग सगळीकडे अजून सिलिकॉनच का?

किंमत हे कारण आहेच. पण दुसरं कारण जास्त इंटरेस्टिंग आहे. तापवलेल्या सिलिकॉनला ऑक्सिजन दिला, की त्याच्या अंगावर त्याचंच ऑक्साइड चढतं आणि ते उत्तम इन्सुलेटर असतं. बेल लॅब्जमध्ये अटाला आणि कांग यांनी १९६०च्या सुमारास मॉसफेट घडवला तो याच्याच जोरावर. गॅलियम नायट्राइडच्या नशिबी हे सुख नाही. त्याच्यावर इन्सुलेटर बाहेरून बसवावा लागतो आणि सांध्यात इलेक्ट्रॉन अडकतात. मग ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला सुरू व्हायला हवा, तो आकडाच सरकतो. अशा स्विचवर भरवसा कोण ठेवणार?

आज चार्जरमधल्या बऱ्याच चिप इन्सुलेटर टाळून, गेटखाली पी-प्रकारच्या गॅलियम नायट्राइडचा थर देऊन काम भागवतात. पण त्या गेटला साधारण सहा-सात व्होल्टच्या वर झेपत नाही. म्हणून संशोधक थरांकडे वळले. भिंतीला आधी प्रायमर, मग रंग, तसंच. आधी सिलिकॉन नायट्राइड किंवा ॲल्युमिनियम नायट्राइडचा नॅनोमीटरमध्ये मोजायचा थर, स्फटिकाशी सांधा नीट जुळावा म्हणून. त्यावर हाफ्नियम ऑक्साइडसारखा थर, गेटची पकड वाढावी म्हणून. हाफ्नियम ऑक्साइड एकटं असेल तर गळती वाढते. नुसत्या नायट्राइडने पकड कमी पडते. एकाला जमत नाही, ते दोघं मिळून करतात.

हे सांगायचं कारण वेगळंच आहे. २०२१मध्ये सेमीकंडक्टर मिशन जाहीर झालं, तेव्हापासून ‘चिपमध्ये करिअर’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. पण चिप म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फक्त डिझाइन आणि कॉम्प्युटर येतो. बारावीनंतर केमिस्ट्रीची पुस्तकं आपण रद्दीत घालतो, ‘सुटलो एकदाचे’ म्हणत! आणि वर सांगितलेला सांधा तर केमिस्ट्रीच ठरवते. डिझाइन शिका, जरूर शिका. पण कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या आकड्यासोबत आणखी एक प्रश्न विचाराच: तुमच्याकडे मटेरियल सायन्सची लॅब आहे का, आणि तिथे विद्यार्थ्यांना हात लावू देतात का?